पायाखालचा घण



मागच्या वेळी मी नाचणीच्या पापडांबद्दल बोलले होते. त्यानंतर बऱ्याच जणींनी सांगितलं की ताई, आता मसाल्याचं सांगा. मसाल्याचं सांगेन, पण आज नाही. आज लोखंडाचं बोलायचंय. लोखंड म्हटल्यावर कुणी रेडिओ बंद करू नका, कारण हे तुमच्या-माझ्या खांद्याचंच बोलणं आहे.

आमचं आटगाव तुम्हाला ठाऊक आहे. कसाऱ्याकडे जाणारी लोकल आसनगाव सोडते, त्यानंतरचं स्टेशन. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला मुंबई-नाशिक महामार्ग आणि मधे कारखान्यांच्या शेड. गाडीतून बघणाऱ्याला वाटेल, इथे कोयता आणि विळा आता कोण वापरतंय! पण स्टेशनपासून तासभर आत चालत या. होळीच्या मागेपुढे राबासाठी कवळ तोडायला अख्खी घरं माळावर असतात. पुरुषाच्या कमरेला आकडीत कोयता, बाईच्या हातात कोयता. दिवाळीच्या आधी भाताची कापणी, मग गवताची. इळा बोथट झाला की मजुरी अर्धी होते, हे मी तुम्हाला काय सांगू.

तर आमच्या गटात एक काकी आहेत. लोहाराच्या घरातल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. मी गटाची समन्वयक झाले, तेव्हा सभासदांची माहिती भरताना त्यांना विचारलं, "काकी, व्यवसाय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "काय नाय, घरकाम लिहा." मी लिहिलंही. पुढच्या आठवड्यात हप्त्याची वही घेऊन त्यांच्याकडे गेले, तर काका खाली बसून सांडशीत लाल पाटा धरून होते आणि काकी उभ्या राहून दोन्ही हातांनी घण मारत होत्या. पाच किलोचा घण. काका छोट्या हातोडीने ऐरणीवर टिचकी मारून दाखवायचे, इथे मार, आणि काकींचा घाव बरोब्बर तिथे पडायचा. एका कोयत्याला असे दीडशे-दोनशे घाव. मधे दमल्या की पाणी प्यायचं आणि पुन्हा.

घरकाम! मला माझ्या त्या वहीची लाज वाटली.

हे एका घराचं नाही. रस्त्याकडेला पाल टाकून विळे-कुऱ्हाडी घडवणारे घिसाडी आपण सगळ्यांनी पाहिलेत. तिथेही नवरा सांडशी धरतो आणि बायको घण घालते. पोर कडेला झोळीत. पण "लोहार" हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर कोण येतो? पुरुषच येतो. ठोकते ती बाई, आणि नाव त्याचं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात काकींचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, घण बंद. ते सांगणं सोपं होतं. काकी थांबल्या की काकांचंही काम थांबतं, कारण एका हाताने सांडशी आणि दुसऱ्या हाताने हातोडी धरून मोठा पाटा ताणला जात नाही. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. घण मारायला रोजाने माणूस मिळत नाही, मिळाला तर चार दिवस टिकत नाही. काका म्हणाले, फक्त धार लावायची आणि शेवटायची कामं घेतो, नवीन घडवायचं सोडून देतो. म्हणजे उत्पन्न निम्म्यावर.

तयार कोयते बाजारात मिळतात, मग याचं एवढं काय, असंही कुणी म्हणेल. मिळतात. पण ते सगळ्या हातांना एकाच वजनाचे. आमच्या ठाकूरवाडीतली आजी काकांकडे कोयता घ्यायला येते तेव्हा आधी जुना दाखवते आणि म्हणते, याच्यापेक्षा जरा हलका आणि टोकाला जरा जास्त वाकवलेला. असा दुकानात मागून बघा.

तेव्हा आमच्या गटातल्याच एकीचा भाऊ, वेल्डिंगचं काम करणारा, त्याने यांत्रिक घणाची गोष्ट काढली. मोटरवर चालणारा घण. तयार घ्यायला गेलं तर आमच्या आवाक्यातला नव्हता. तो म्हणाला, इथेच बनवू, भंगार तर आपल्या दाराशी आहे.

आता हे यंत्र कसं असतं ते सांगते. डोळे मिटून शिवणयंत्र आठवा. चाक फिरतं आणि सुई वरखाली होते. इथे सुईच्या जागी 20 किलोचा लोखंडी ठोकळा. तो दोन उभ्या पट्ट्यांच्या मधून वरखाली सरकतो. चाक आणि ठोकळा यांच्या मधे ट्रकची कमान, म्हणजे पाट्यांचा जुडगा. मधोमध खिळीवर तोललेला, लहान मुलांच्या सी-सॉसारखा. मागचं टोक चाकाने वरखाली होतं, पुढच्या टोकाला ठोकळा. कमान लवचीक असते म्हणून घावाला झटका येतो, चाबकासारखा. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कधी जाड तुकडा ठेवला, कधी पातळ. मधे सरळ कडक दांडा असता तर जाड तुकड्यावर यंत्रच मोडलं असतं. कमान लवते आणि सांभाळून घेते.

मोटर 2 हॉर्सपॉवरची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची. मोटरला 3 इंचाची पुली, वर 18 इंचांचं चाक. म्हणजे सहापट हळू, मिनिटाला 240 घाव. मोटर सतत फिरत असते, पण पट्टा सैल ठेवलेला असतो, त्यामुळे घण स्थिर. खाली पायाजवळ एक दांडी आहे. ती दाबली की एक छोटी पुली पट्ट्याला ताणते आणि घण चालू होतो. थोडं दाबलं तर पट्टा घसरत घसरत फिरतो, घाव हळू पडतात. पूर्ण दाबलं की धडधड. सगळी कला त्या पायात आहे.

गटाच्या बैठकीत विषय ठेवला तेव्हा दोन तास वाद झाला. एक म्हणाली, हे पुरुषांचं मशीन, बचतगटाने कशाला कर्ज द्यायचं? दुसरी म्हणाली, बुडालं तर? तिसरीने जे विचारलं ते मला आजवर विसरता आलेलं नाही. ती म्हणाली, "ताई, मशीन आलं की काकीचं काय काम उरलं?"

मी गप्प झाले. कारण मला माझी आजी आठवली. आजी दुसऱ्यांचं भात सडायला जायची, उखळ-मुसळाने, मोबदल्यात तांदूळ मिळायचे. मग गिरणी आली. हातांचे फोड गेले, ते चांगलंच झालं. मुसळ परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण गिरणीवर कोण बसलं? तुमच्या गावातली गिरणी आठवा आणि सांगा, तिथे बाई चालवायला आहे की फक्त डबा घेऊन रांगेत आहे?

इथेही तेच होणार होतं. काकांचे हात मोकळे, पायाखाली दांडी, घण आपोआप. काकी घरात. खांदा वाचला, पण कामातली जागा गेली, आणि जागा गेली की पैशातलं बोलणंही जातं. म्हणून आम्ही ठराव लिहिला. कर्ज काकींच्या नावावर. यंत्र काकींच्या नावावर. आणि यंत्र चालवायला काकी शिकतील. काका बाजूला उभे होते. ते म्हणाले, "चालंल. पर तिला सांडशी धरता येत नाय." काकी पटकन म्हणाल्या, "मला आजवर धरू कुणी दिली?"

सगळ्या हसल्या. काकासुद्धा.

दिवाळीनंतर बांधकाम सुरू झालं. खर्च एकूण 54 हजारांच्या आसपास गेला. मोटर जुनी घेतली. चॅनेल, प्लेट, बेअरिंग, शाफ्ट, पट्टा, वेल्डिंगची मजुरी, खालचा पाया, सगळं धरून. आणि यातले काही हजार आमच्या चुकीचे आहेत, तेही सांगते, म्हणजे तुमचे वाचतील.

चूक ऐरणीत झाली. घण 20 किलोचा, तर त्याच्याखालची ऐरण किती वजनाची हवी? आम्ही एक मोठा पाइप उभा केला, आत वाळू-सिमेंट भरलं, वर जाड प्लेट वेल्ड केली. दिसायला झकास. पहिल्या दिवशी घण आपटला की सगळी जमीन हलायची, पत्र्यावरचे उंदीर पळाले, पण लाल पाटा काही चपटा होईना. घावाचा जोर पाट्यात न जाता खाली मुरत होता. शेवटी एका निवृत्त आयटीआयच्या सरांना बोलावलं. ते म्हणाले, घणाच्या निदान दहापट ऐरण हवी, पंधरापट असली तर उत्तम, आणि ती भरीव हवी. उशीवर ठेवून सुपारी फुटते का? मग भंगारात 10 इंच जाडीचा, अडीच फूट उंचीचा भरीव शाफ्ट मिळाला. 300 किलोच्या आसपास. तो आणायला आठ माणसं आणि एक टेम्पो. त्याच्याखाली खड्डा खणून काँक्रीट, मधे लाकडी फळ्या. दुसऱ्या दिवशी तोच पाटा, तोच घण, आणि लोखंड मेणासारखं पसरलं.

दुसरी उणीव ब्रेकची. पाय उचलला तरी चाक जोरात असायचं, घण आणखी तीन-चार घाव घालूनच थांबायचा. तेवढ्यात धारेची बाजू पापड. काकांनी तो पहिला कोयता अजून भिंतीला टांगून ठेवलाय. मग मोठ्या चाकाला जुन्या पट्ट्याचा तुकडा लावून ब्रेक केला. पाय उचलला की तो चाकाला आवळतो आणि घण वरच्या वर थांबतो. वरच थांबला पाहिजे बरं का. खाली थांबला तर लाल तुकडा ठोकळ्याखाली अडकतो आणि थंड होतो.

घण आणि ऐरण जिथे भेटतात, तिथे दोन बदलता येणारे ठोकळे असतात. त्यांच्या कडा आम्ही टोकदार ठेवल्या होत्या. त्यांनी लोखंडावर रेघा उमटल्या आणि पुढे पाणी देताना बरोब्बर त्या रेघेवर कोयता तडकला. सरांनी कडा घासून गोल करायला लावल्या. छोटी गोष्ट, पण हे कुणी आधी सांगत नाही.

आता शिकण्याचं. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत काकी शिकल्या. पहिले आठ दिवस लोखंड नाहीच. वीटभट्टीवरून मळलेली माती आणली, तिच्या पट्ट्या केल्या आणि त्या घणाखाली. माती लाल लोखंडासारखीच पसरते, भाजत मात्र नाही. आडवं ठोकलं तर कुठे वाढते, उभं ठोकलं तर कुठे, हे मातीत दिसतं. काकी म्हणाल्या, भाकरी थापल्यासारखंच आहे, फक्त हात लांब ठेवायचा.

त्या सरांनी एक गोष्ट सांगितली होती. इंग्लंडात जेम्स नॅस्मिथ नावाच्या माणसाने 1839 मध्ये वाफेवरच्या घणाचं चित्र काढलं, एका मोठ्या जहाजाचा दांडा घडवायचा होता म्हणून. 1842 मध्ये त्याने पेटंट घेतलं. तो घण एवढा प्रचंड, पण लोकांना दाखवायचं काय, तर पेल्यात ठेवलेल्या अंड्याचं कवच फोडायचं आणि पेला तसाच ठेवायचा. काकींनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज घणाखाली भुईमुगाची शेंग ठेवायला लागल्या. पहिला आठवडा नुसता कूट. नातवंडं तो कूट खायला टपलेली. मग एक दिवस टरफल फुटलं आणि दाणा अख्खा राहिला. त्या दिवशी मी तिथे होते. काकींनी तो दाणा काकांच्या हातावर ठेवला, बोलल्या काही नाहीत.

मग लोखंड. रंग काकींना आधीच कळत होते, वीस-बावीस वर्षं समोर पाहिलेले. झेंडूच्या फुलासारखा नारिंगी-पिवळा असेपर्यंत ठोका. जुन्या कुंकवासारखा काळपट झाला की थांबा, परत भट्टीत. थंड पाट्यावर घण पडला तर आतून चीर जाते आणि ती दिसत नाही. पांढरा होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर लोखंड जळलं, तो भाग कापून टाकायचा. हाताच्या घणाने चुकायला वेळ मिळतो. हे यंत्र अर्ध्या मिनिटात शंभराच्या वर घाव घालतं. चुकलं तर शंभर वेळा चुकतं.

एकदा तुकडा उडाला. पाटा खालच्या ठोकळ्यावर सपाट टेकला नव्हता, एक बाजू उचललेली. घण पडला, सांडशीला हिसका बसला, मनगट मुरगळलं आणि लाल तुकडा दारापर्यंत गेला. दारात कुणी नव्हतं, म्हणून आज मी हे हसत सांगू शकतेय. तेव्हापासून नियम केला. सांडशी त्या पाट्याच्या मापाचीच. तिचा मागचा दांडा पोटासमोर नाही, कमरेच्या बाजूला. पोरं उंबऱ्याच्या बाहेर. डोळ्यांना चष्मा, कारण ठोकताना खपले उडतात. कानांना झाकण, नुसता कापूस पुरत नाही.

आणि कपडे. मैत्रिणींनो, फिरता पट्टा आणि पदर यांची गाठ पडू द्यायची नाही. पट्ट्याला आणि चाकाला पूर्ण जाळीचं कवच केलंय. काकी काष्ट्याचं लुगडं नेसतात, ते घोळत नाही. पण बांगड्या? हिरव्या काचेच्या बांगड्या उतरवायला त्या तयार नव्हत्या. मी दोनदा सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं, कारण त्यांच्या हातावर माझा काय हक्क. शेवटी त्यांनीच उपाय काढला. मुलाचा जुना लांब बाह्यांचा सुती शर्ट लुगड्यावर घालायचा, मनगटाची बटणं बांगड्यांवर लावून टाकायची. पदर शर्टाच्या आत. सुतीच हवा, नायलॉनवर ठिणगी पडली तर तो चिकटतो.

घणाने सगळं होतं असं मात्र समजू नका. पाटा ताणणं, रुंद करणं, मुठीत घुसणारी शेपटी काढणं, हे घण करतो. वाक देणं हातोडीचं. धार उतरवणं हातोडीचं आणि कानसचं. आणि पाणी देणं, ते अजून काकांचंच. ट्रकच्या पाट्याला पाणी म्हणायचं, पण बुडवायचं तेलात. साध्या पाण्यात तो तडकतो. लोहचुंबक चिकटायचा बंद झाला की तापमान आलं. बुडवल्यावर पातं काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, म्हणून घासून चकचकीत करून पाठीकडून पुन्हा हलकं तापवायचं. मग रंग धावतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला तपकिरीच्या पुढे जांभळ्याच्या तोंडाशी थांबवायचं. हा खेळ दहा सेकंदांचा. काकी आता शेजारी उभ्या राहून "बास" म्हणतात. काका कधी ऐकतात, कधी नाही.

पूर्वी दोघं मिळून दिवसाला पाच कोयते व्हायचे. आता दहा-अकरा होतात. वीस का नाही, तर घण भरभर चालतो पण भट्टी, घासणं आणि पाणी जुन्याच चालीने चालतात. शिवाय वीज जाते. गेली की आम्ही मुठी बसवत बसतो.

कागदांचं थोडं बोलते, कारण यात बायका मागे राहतात. पंतप्रधान विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्यातल्या 18 व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार, 5 टक्के व्याजाने कर्ज, पहिल्यांदा 1 लाखापर्यंत. चांगलं आहे. पण नियम असा की एका कुटुंबातून एकच नाव. मग घरात नाव कुणाचं जाणार? आमच्याकडे काकांचं आधीच गेलेलं होतं. मला हा नियम पटत नाही. जिथे दोघांशिवाय काम होतच नाही, तिथे एकालाच कारागीर कसं म्हणायचं? पण नियम आहे तोवर काकींची उद्यम नोंदणी वेगळी केली. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि मोफत असते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. शेडमधली व्यवसायाची वीजजोडणीही काकींच्या नावावर घेतली.

मध्यंतरी काही मुलं आली होती, मिरवणुकीसाठी तलवार करून द्या म्हणत. पैसे दुप्पट. काकींनी सरळ नाही म्हटलं. शेतीची आणि घरची अवजारं 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्र धरली जात नाहीत, तलवारीचं तसं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, "त्यानं कवळ तुटतं का?" असं काकींनी त्यांना विचारलं.

या पौषात म्हसाच्या जत्रेला आम्ही माल नेला. मुरबाडकडच्यांना जत्रा सांगायला नको, बैलांचा बाजार आणि घोंगड्या, सगळा मुलूख लोटतो. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोयता हातात घेतला, नखाने वाजवला, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि काकांना विचारलं, "कुणी घडवलाय?" काकांनी मान वळवली आणि काकींकडे बोट केलं. म्हातारबाबांनी काकींना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा कोयता पाहिला आणि किमतीवरून घासाघीस सुरू केली. जशी कुठल्याही लोहाराशी करतात तशी.

कर्जाचे सात हप्ते राहिलेत. खांदा पूर्ण बरा झालेला नाही, वेणी मात्र आता स्वतः घालतात. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी खाडाखोड करून "लोहारकाम" लिहिलंय. नवीन पान घ्यायला हवं होतं, पण ती खोड राहू दे म्हटलं.

ज्यांना राबाच्या आधी कोयते घडवून किंवा शेवटून हवेत, त्यांनी आता आणावेत, शिमग्यानंतर गर्दी होते. आणि दुपारी 2 ते 4 या वेळात येऊ नका. शेजारच्या घरात तान्हं बाळ आहे, तेवढा वेळ घण बंद असतो.